अकोल्याहून आणलेला कॅरम

कॅरम विकत घेताना काय पाहावं, हे मला कुणी विचारलं तर मी आजही तासभर बोलू शकतो. फळी किती जाड असावी, चौकट कोणत्या लाकडाची, कोपऱ्यातल्या भोकांची कड नीट घासलेली आहे की नाही, सगळं तोंडपाठ आहे. आणि तरी माझ्या स्वतःच्या घरात मी कधी कॅरम येऊ दिला नाही. मुलांनी हट्ट केला तेव्हा बुद्धिबळाचा पट आणून दिला. बाप चिकट आहे असं मुलांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा चिकट ठरणं सोपं होतं. आता मुलं मोठी झाली, आई जाऊनही बरीच वर्षं लोटली, तेव्हा लिहून टाकतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. अमरावतीच्या परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत, दोन खोल्या आणि पुढची ओसरी एवढ्या भाड्याच्या जागेत आम्ही राहत होतो. वडील लोकांकडे पूजा आणि श्राद्धं सांगायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही चौघं मित्र एकमेकांना नावानं हाक मारत नसू. ज्याच्या बापाचा जो धंदा, तेच त्याचं नाव. मी महाराज, एकजण वकील, एकजण मास्तर आणि चौथा माळी. हे आम्हाला फार गमतीचं वाटायचं. म्हणजे आम्हा तिघांना वाटायचं. चौथ्याला मी कधी विचारलं नाही.

माळ्याचा मळा गावाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर होता. मॅट्रिकनंतर त्यानं शिक्षण सोडलं आणि बापाच्या हाताखाली झेंडू, शेवंती, वांगी, मेथी असं जे येईल ते काढायला लागला. रोज सकाळी सायकलवर दोन टोपल्या बांधून तो गावात यायचा आणि बाजारात जाण्याआधी आमच्या पायरीवर देवाच्या फुलांचा पुडा ठेवायचा. आई पुडा उचलून आत न्यायची आणि फुलं सरळ देवापुढच्या तबकात ओतायची. फुलांना विटाळ नसतो म्हणे. त्याच्या मातीनं भरलेल्या हातांनी खुडलेली फुलं तिनं कधी धुतली नाहीत.

हा माळी कॅरम काय खेळायचा! इतवारा बाजाराजवळच्या एका चहाच्या हॉटेलात एक जुना लहानसा बोर्ड होता. नवे पैसे सुरू झाले होते, पण हॉटेलवाला डावाला एक आणाच मागायचा. बाजार उरकून माळी तिथं बसला की लोक चहा हातात घेऊन भोवती उभे राहत. तो फार वेळ नेम धरत नसे. एकदा बोर्डाकडे पाहायचा, मग माणसांकडे पाहत बोलता बोलताच टिचकी मारायचा आणि सोंगटी भोकात गेलेली असायची. त्याच्यासमोर मी कधी जिंकलो नाही. कॉलेजात शिकणारा मी आणि वांगी विकणारा तो, हे मनात यायचंच. असं मनात येणाऱ्या माणसाला मित्र म्हणावं का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

त्या वर्षी अकोल्याहून आलेल्या एका सरकी-व्यापाऱ्यानं त्याचा खेळ पाहिला. दिवाळीत अकोल्याच्या एका क्लबात सामने असतात, नाव नोंदव, असं त्यानं सांगितलं. माळ्यानं नोंदवलं. अडचण एकच होती. सामने पूर्ण मापाच्या बोर्डावर व्हायचे आणि हॉटेलातला बोर्ड त्याच्या मानानं ताटाएवढा. लांबचा फटका मारायचा तर हाताला तेवढ्या अंतराची सवय हवी. दिवाळीच्या आधी दोन महिने रोज मोठ्या बोर्डावर खेळायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याला इतका उतावळा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

म्हणून आम्ही चौघांनी मिळून कॅरम घ्यायचं ठरवलं. सगळे मिळून तीस रुपये जमले. त्यातले निम्मे माळ्याचे होते, श्रावणात फुलांना भाव आला होता त्यातले. माझे चार रुपये म्हणजे वडिलांबरोबर सत्यनारायणाला जाऊन मिळालेली दक्षिणा. मी शिकलेला, म्हणून चौकशीचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते फार मनावर घेतलं. एका वहीत रकाने आखले. माप, फळीची जाडी, चौकट, सोंगट्या बोर्डाबरोबर मिळतात की वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि किंमत. अमरावतीत एकाच दुकानात मोठा बोर्ड होता, पंचावन्न रुपयांचा. तिथला माणूस आमचे पायजमे पाहून बोर्डाला हातही लावू देईना.

वहीवरून आमची भांडणंच जास्त झाली. वकिलाला चौकट चकचकीत हवी होती, कारण येणारे-जाणारे बघतील. मास्तरचं म्हणणं, स्वस्तातला स्वस्त घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगला स्ट्रायकर घ्यावा. मी म्हणायचो, नवा आणि दुकानातलाच घ्यावा, म्हणजे पावती तरी मिळेल. माळी फक्त एवढंच विचारायचा की फळी सपाट आहे का. बाकीचं सगळं मागाहून दुरुस्त होतं, म्हणायचा, फळी मात्र होत नाही. मी वहीत ‘सपाटपणा’ असा रकाना घातला नव्हता. मग घातला, पण शेवटी आणि बारीक अक्षरात.

अकोल्यात स्वस्त मिळेल असं कळलं, म्हणून मी आणि माळी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून गेलो. तीन ठिकाणी बोर्ड पाहिले. पहिलं खेळाच्या सामानाचं दुकान. तिथला बोर्ड अठ्ठावीस रुपयांचा आणि इतका गुळगुळीत की माझं तोंड त्यात दिसत होतं. मी मनातल्या मनात तो घेऊनही टाकला. माळ्यानं खिशातून सुतळी काढली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरली आणि डोळा खाली नेऊन पाहिलं. मळ्यात वाफे ओढताना असंच करतो, असं त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, मधात दबला आहे, सगळ्या सोंगट्या मधेच येऊन बसतील. मला काही दिसलं नव्हतं. मी तसं म्हणालो, तर त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“महाराज, वाफ्याले उतार असला का पाणी सांगते. दोरी न धरता मले बी दिसत नाई. तुले कसा दिसन?”

दुसरा बोर्ड एका क्लबानं काढून टाकलेला होता. माप बरोबर, लाकूड उत्तम, पण एका कोपऱ्याला तडा गेलेला. तिसरा मोर्णा नदीच्या पुलापलीकडे एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे सापडला. तो चहाच्या पेट्यांच्या पातळ फळ्या एकावर एक सरसानं चिकटवायचा आणि वर चांगल्या प्लायवूडचा एक पदर बसवायचा. चौकट बाभळीची, ओबडधोबड. पॉलिशचा पत्ता नाही. माळ्यानं दोरी धरली. दोन्ही बाजूंनी धरली. मग बोटाच्या पेरानं सगळीकडे ठोकून आवाज ऐकला आणि मिस्त्रीला म्हणाला, काका, हे तं टाक्याच्या पाण्यावानी आहे. मिस्त्री खूश झाला आणि सव्वीस रुपयांत सोंगट्यांसकट बोर्ड दिला. मी शेवटपर्यंत दुकानातल्या बोर्डाचं घोडं पुढे दामटत होतो. माझ्या वहीत तो चार रकान्यांत पहिला होता.

निघताना मिस्त्रीनं दोघांनाही बजावलं. सरस आहे, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. वर्षभरानं घेऊन या, पॉलिश करून देईन, मग भीती नाही. मी विचारलं, सरस म्हणजे नेमकं काय. त्यानं सांगितलं, कातडी आणि हाडं उकळून काढतात तो. माळी हसायला लागला. आता महाराजांच्या घरात हाडं चालली, म्हणाला. मीही हसलो, पण मनातून चरकलो होतो.

परतीच्या गाडीत बोर्ड आम्ही मांडीवर आडवा धरला. समोरच्या बाईनं त्यावर पाण्याचा तांब्या टेकवला तेव्हा माळ्यानं झटकन उचलून तिच्या हातात परत दिला आणि बोर्ड सदऱ्यानं पुसला. मूर्तिजापूरला चहा आला, तो त्यानं बोर्डापासून हात लांब करून प्यायला. मला त्याचं हसू येत होतं. सव्वीस रुपयांच्या वस्तूला एवढं काय जपायचं, असं वाटत होतं, आणि त्या सव्वीस रुपयांत माझे कितीसे होते.

बोर्ड ठेवायचा कुठं, हा प्रश्न होता. वकिलाच्या घरी पक्षकार यायचे, मास्तर एकाच खोलीत राहायचा, मळ्यातल्या खोपटात ओल. राहिली आमची ओसरी. आईनं एकदाच विचारलं, कशाचा आहे. मी लाकडाचा म्हणालो. सरसाचं नाव काढलं नाही. ते काढलं असतं तर बोर्ड ओसरीवरही टिकला नसता. आईची अट एवढीच होती की बोर्ड ओसरीच्या आत आणायचा नाही. माळीसुद्धा ओसरीच्या आत कधी येत नसे. त्याच्यासाठी एक कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी असायची, आणि चहा झाला की तो स्वतःच ती विसळून तिथं पालथी घालायचा. आई वाईट नव्हती. ती त्याला शंकरपाळे वाढायची, त्याच्या बापाच्या दम्याची चौकशी करायची. तो मनाला लावून घेत नाही, असं मी स्वतःशी म्हणायचो. तसं म्हणणं मला सोयीचं होतं.

तो महिना फार छान गेला. रोज दुपारी बाजार आटोपून माळी यायचा, दोन विटांवर बोर्ड ठेवायचा, दोरी धरून बघायचा आणि एखादी कागदाची घडी खाली सरकवायचा. आम्ही तिघं आलटून पालटून त्याच्यासमोर बसायचो आणि हरायचो. पहिले आठ दिवस त्याचे लांबचे फटके आखूड पडत होते. मग हात बसला. एक दिवस त्यानं सुरुवातीच्या टिचकीनंतर मला एकदाही हात न देता सगळा डाव संपवला, राणीसकट. वकिलानं टाळ्या वाजवल्या. माळ्यानं वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका उघडा पाहिला. दिवाळीत जिंकून दाखवतो, म्हणाला. ते बढाईसारखं वाटलं नाही.

पितृपंधरवड्यात आजोबांची तिथी आली. ओसरीवर ब्राह्मणांची पानं मांडायची होती, तेव्हा बोर्ड तिथं ठेवता येईना. आई सोवळ्यात होती. बोर्ड तात्पुरता आत, बाळंतिणीच्या खाटेमागं ठेवू, असं तिनं ठरवलं. बाळंतीण म्हणजे माझी मोठी बहीण, तिचं पहिलं मूल होऊन महिना झाला होता. पण आत आणण्याआधी आईनं बोर्ड अंगणात न्यायला लावला.

“पाट धुतो तसा धुऊन घे. त्या माळ्याच्या पोराचे हात लागलेत रोज.”

मी बादली आणली. दुसऱ्या कुणी नाही, मी. विहिरीचं पाणी शेंदून मीच आणलं आणि बोर्डावर मीच ओतलं. ओतताना मला मिस्त्री आठवला, गाडीतला तांब्याही आठवला. नको, पाण्यानं खराब होईल, एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. पण आई का म्हणून विचारणार, मग सरस सांगावा लागणार, मग तिथीच्या दिवशी घरात हाडांचा विषय. आणि एकदा धुतल्यानं काय होतंय, असंही वाटलं. पुढं मी स्वतःची समजूत घालत राहिलो की श्राद्धाच्या दिवशी माझं शिवलेलंही आईला चाललं नसतं. ते खरंच आहे. पण ती माझ्या हातांबद्दल बोलली नव्हती, आणि ते मला नीट ऐकू आलं होतं. मी बोर्ड भिंतीला टेकवून भाद्रपदाच्या उन्हात उभा केला आणि पानं मांडायला गेलो.

जेवणं उरकून पाहिलं तर बोर्डाच्या मधोमध टेंगूळ आलं होतं. वरचा पदर खालच्या फळीपासून सुटून पापडासारखा फुगला होता. मी तळहातानं दाबला, तो खाली गेला आणि हात काढताच पुन्हा वर आला. मी पाट्यावरचा वरवंटा आणून त्यावर ठेवला. काही उपयोग झाला नाही. मला काळजी लागली होती, ती बोर्डाची नव्हती. उद्या तिघं येणार, त्यांना काय सांगायचं, याची होती.

दुसऱ्या दिवशी तिघं आले. बोर्ड मी ओसरीवर काढून ठेवला होता. आई आतल्या दारात गहू निवडत बसली होती. वकिलानं बोट ठेवून पाहिलं आणि विचारलं, हे काय झालं. मास्तर म्हणाला, महिनाभरात फुगला, म्हणजे माल काय लायकीचा असेल. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी बोललो.

“मी तेव्हाच म्हणत होतो दुकानातला घेऊ म्हणून. यानंच हा निवडला.”

माळी पुढं झाला. गुडघ्यावर बसून त्यानं बोर्डावरून हात फिरवला, मग बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मागं दारात बसलेल्या आईकडे. मी कागदाची एक घडी उचलून उगीच उलगडत बसलो होतो. मला वाटलं आता तो विचारणार. त्यानं बोर्ड सरळ केला आणि उठला.

“हाव. माह्यीच चूक झाली. मले पाह्यता नाई आलं.”

वकील आणि मास्तर त्याच्यावर चिडले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. पण हॉटेलात गोष्ट पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. ज्याच्या नजरेची सगळे वाहवा करायचे, तो अकोल्याला जाऊन पापड घेऊन आला, अशी थट्टा सुरू झाली. तो बसला की कुणीतरी विचारायचं, काबे, भाजलेला का तळलेला. लोक हसायचे. मीही एकदा हसलो. न हसतो तर वेगळं दिसलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मग तो हॉटेलात यायचा बंद झाला. दिवाळीत अकोल्यालाही गेला नाही. शेवंतीचा हंगाम आहे, मळा सोडता येत नाही, म्हणाला. बोर्ड फेकायचा असेल तर मला दे, असं म्हणून तो सायकलला बांधून घेऊन गेला. फुलांचा पुडा मात्र दुसऱ्या दिवशीही वेळेवर पायरीवर होता, आणि पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. तो माझ्याशी बोलायचाही, हसायचाही. त्याला कळलेलंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग मला अकोल्यातल्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. नवं राज्य झालं, मी सुट्टीपुरता अमरावतीचा राहिलो. आठ-नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, तेव्हा आईनं मला हार आणि मुंडावळ्यांची फुलं सांगायला मळ्यात पाठवलं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि मी त्या मळ्यात पहिल्यांदाच पाय ठेवत होतो.

विहिरीवर आता इंजिन बसलं होतं. शेजारच्या मांडवाखाली माळी हार ओवत होता आणि त्याची बायको फुलं निवडत होती. त्यांच्यामध्ये, दोन विटांवर, तो बोर्ड. बाभळीची चौकट काळी पडली होती, पण फळी जवळजवळ सपाट दिसत होती. माळ्यानं सांगितलं, वरचा पदर उचलून पुन्हा चिकटवला आणि पंधरा दिवस वाळूची पोती ठेवली. थोडा उंचवटा राहिला आहे, पण तो कुठं आहे हे त्याला ठाऊक आहे. मळ्यातली माणसं दुपारी खेळतात. मी कौतुकानं बोर्डाला हात लावणार तेवढ्यात त्याच्या बायकोनं माझ्याकडे पाण्याचा पेला धरला आणि हसून म्हणाली, आधी पिऊन घ्या, त्याच्याजवळ पाणी आणू देत नाहीत हे; मागं एकदा कुणी धुतला होता म्हणे. तिला माहीत नव्हतं ती कुणाशी बोलते आहे. मी पेला हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

ती टोपली घेऊन वाफ्याकडे गेली. मी विचारलं, तुला माहीत होतं का. तो हाराची गाठ मारत होता.

“मांगून पाण्याची रेघ होती. पाणी कुठलोर चढलं, थे मले रोजच पाहा लागते.”

मग त्या दिवशी बोलला का नाहीस, मी म्हणालो. चूक स्वतःवर का घेतलीस. मला वाटलं होतं तो म्हणेल, तुझ्यासाठी. नाहीतर, काकू दारात बसल्या होत्या म्हणून. तसं म्हणाला असता तर मला रडायला तरी आलं असतं. त्यानं दोरा दातानं तोडला.

“पाणी लागलं म्हटलं असतं, तं वकिलानं विचारलं असतं का पाणी कावून लागलं. तू तं काई बोलला नसता. मंग मलेच माह्या तोंडानं सांगा लागलं असतं, का मी शिवलो म्हून धुतला. त्याच्यापरीस मले पारख नाई, हे बरं होतं.”

इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक खोटं बोललो आणि त्यानं मोठ्या मनानं ते पोटात घातलं. त्यात माझ्या लाजेलाही थोडा तोरा होता. त्याला मोठं मन दाखवायची फुरसतच नव्हती. चार मित्रांत तो उघडा पडत होता आणि अंग झाकायला त्याला जे हाताशी मिळालं, ते माझं खोटं होतं. मला माफ कर, असं काहीतरी मी पुटपुटलो. तो म्हणाला, हार किती पाहिजेत ते सांग. मी सांगितले. मग त्यानं पावडरचा डबा काढला आणि एक डाव खेळ म्हणाला, बोर्डाचा उंचवटा कुठं आहे तेही बोटानं दाखवलं. तरी मी हरलो.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर अक्षता रंगवत होती. मळ्यातून आलास, पाय धुऊन आत ये, म्हणाली. इतका वेळ कुठं लागला, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, कॅरम खेळलो. वाटेत सगळं ठरवून आलो होतो. आज आईला सांगायचं. सरस, बादली, पाणी, तिच्या तोंडचं वाक्य आणि माझ्या तोंडचं. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

“तोच का रे, खराब निघालेला? मुलगा भला आहे, पण लाकडाची पारख नव्हती त्याला.”

नव्हती, मी म्हणालो, आणि पाय धुवायला मोरीकडे गेलो.